उधारीच्या वहीचं कौतुक पुरे

गावच्या जुन्या किराणा दुकानावरचे लेख मला एकाच साच्यातले वाटतात. गुळाच्या ढेपेचा वास, बरणीतल्या लिमलेटच्या गोळ्या, आणि ‘लिहून ठेवा शेटजी’ म्हटलं की माल देणारा देवमाणूस. आता दुकानावर क्यूआर कोड लागला अन् माणुसकी आटली, असा सूर. हे लिहिणारे बहुतेक गादीच्या बाजूला वाढलेले असावेत. मी ओट्याखाली उभा राहून वाढलो.

आमचा लाखांदूर तालुका धानाचा. हातात काही पडायचं ते दिवाळीनंतर, धान चुरल्यावर. रोवण्याच्या दिवसांत घरची कोठी रिकामी, खाणारी तोंडं मात्र तेवढीच. तेव्हा दुकानातून मीठ, मातीचं तेल, चहापत्ती उधार यायची, अन् खायला धानही यायचं, सवाईनं नाहीतर दिढीनं. आषाढात १० पायल्या उचलल्या की अघनात १५ मोजायच्या. पाच महिन्यांत निम्मं व्याज. किराण्याची उधारी फिटायची तीही धानानंच, सुगीच्या पडलेल्या भावानं. वरून मापाची गंमत: आमचं घेताना पायली शिगेपर्यंत, आम्हाला देताना हात फिरवून सपाट. १९५६ च्या कायद्यानं किलो आला म्हणतात. आमच्या ओट्यावर पायलीच चालली.

‘पण तेव्हा दुसरं होतं तरी कोण?’ असं विचारणारे आहेत. माझी मायच त्यातली. ‘तो नसता तं उपाशी मेले असते बापा तुमी,’ म्हणायची. खरं आहे, नाकारत नाही. पण दुसरं कोणी नव्हतं म्हणूनच तर दिढी चालली! तिला आपुलकी कशाला म्हणायचं?

आणि ती वही. लिहिणारा एक, अंगठा देणारे सारे. मायला अक्षर येत नव्हतं. ती चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढायची. एका वर्षी भिंतीवर ११ रेघा अन् वहीत १४ पायल्या. शेटजी हसून म्हणाले, ‘भितीले का कोर्टात नेशील वो बाई?’ १४ वर दिढी लागली.

हे सैल झालं ते आधारभूत भावाची खरेदी केंद्रं, बायांचे बचत गट आणि रेशन यांच्यामुळे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं तांदूळ ३ रुपये किलो केला, तेव्हा आषाढातला तो ओटा कितीतरी घरांना चढावा लागला नाही. त्यावर मात्र कुणी हळवा लेख लिहीत नाही.

दुकानाचा इतिहास जरूर लिहा. पण कुणाच्या माळ्यावर त्या लाल वह्या पडल्या असतील, तर आधी त्या काढा अन् जशाच्या तशा छापा. आमच्या घराचं पान मला वाचायचं आहे.