गोडावणाच्या मुलखात



संक्रांत आटोपली आणि आमच्या घरी हे म्हणाले, "अगं, जन्मभर पावसाची वाट पाहिली. आता पाऊसच नसलेला मुलूख एकदा बघून येऊ." गुरे जाऊबाईंवर सोपवली, रेल्वेने जोधपूर गाठले आणि तिथून जीप ठरवली.

खरे सांगायचे तर यांच्या मनात एक पक्षी होता, माळढोक. आम्ही सोलापूरकडचे. माझे लग्न झाले तेव्हा आमच्या माळावर तो दिसायचा. पुढे विहिरीला पाणी लागले, माळ आम्हीच नांगरला, ऊस केला. त्यानंतर तो पक्षी काही दिसला नाही. राजस्थानात त्यालाच गोडावण म्हणतात. तिथला तो राज्यपक्षी आहे.

पहिला मुक्काम खेजडली गावचा. आपण दसऱ्याला जिची पूजा करतो ती शमी म्हणजेच तिथली खेजडी. तिच्या सावलीत बाजरी पिकते, पाला शेळ्या-उंटांना चारा होतो, कोवळ्या शेंगांची भाजी करतात. तिला सांगरी म्हणतात. १७३० साली जोधपूरच्या राजाची माणसे महालाच्या चुनाभट्टीसाठी ही झाडे तोडायला आली. तेव्हा अमृतादेवी नावाची विष्णोई बाई झाडाला मिठी मारून उभी राहिली आणि मारली गेली. या झाडांसाठी ३६३ माणसांनी प्राण दिले. आजही त्या भागात चिंकारा आणि काळवीट शेताच्या बांधावर निर्धास्त चरतात. कुणी दगड मारीत नाही.

पुढे फलोदीजवळचे खीचन गाव. तिथे दर हिवाळ्यात हजारो करकोचे परदेशातून येतात आणि गावकरी त्यांना रोज दाणे घालतात. पहाटे त्यांचे थवे उतरले तेव्हा सगळे आकाश कलकलाटाने भरून गेले.

पोखरण मागे टाकले आणि वस्ती विरळ झाली. जैसलमेरकडे वर्षाला सात-आठ इंच पाऊस. बायका तेवढेच पाणी टाक्यात साठवून पुरवून वापरतात. गावोगावी देवाच्या नावाने राखलेली चराऊ जमीन असते, तिला ओरण म्हणतात. तिथे कुऱ्हाड चालत नाही. आपल्याकडच्या देवराईसारखेच म्हणा.

परवानगी काढून राष्ट्रीय मरू उद्यानात सुदासरीला गेलो. तासभर नुसते गवत. मग वाटाड्याने बोट दाखवले. गवतात कमरेएवढा उंच पक्षी, पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, सावकाश पावले टाकीत नाकतोडे टिपत होता. हे काही बोलले नाहीत. नुसते डोळे पुसले.

आता सगळे मिळून दीडशेच्या आसपासच उरले असावेत, असा जाणकारांचा अंदाज आहे. मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. कुत्र्या-कोल्ह्यांनी ते खाल्ले की वर्ष वाया. शिवाय विजेच्या तारा. या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही आणि अंग इतके जड की तार दिसली तरी ऐनवेळी वळता येत नाही. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या तारा जमिनीखालून नेण्याचा हुकूम दिला. २०२४ साली तो सरसकट हुकूम बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. वीज तर आपल्या मोटारीलाही हवीच, म्हणून हा गुंता सोपा नाही. एक बरे आहे, समला २०१९ पासून अंडी उबवून पिल्ले वाढवतात.

परतताना मी यांना विचारले, "अहो, एवढे गप्प का?" म्हणाले, "इथल्या लोकांनी झाडासाठी मान दिली. मी उसासाठी माळ दिला."

आपल्याकडे नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले, पण आता तिथेही तो दिसणे नशिबाचीच गोष्ट. कारण माळ म्हणजे पडीक, अशी आपली समजूत. भगिनींनो, माळ पडीक नसतो. गुरांचा चारा त्यावर, पाखरांची घरटी त्यावर, आणि पिकावरचे किडे खाणारे हे सोबतीही त्यावरच वाढतात.

आमचा ओढ्याकाठचा दोन एकर माळ अजून शिल्लक आहे. यंदा त्यावर नांगर घालायचा बेत होता, तो मोडला. माळढोक तेवढ्यावर परत येणार नाही, हे आम्हाला कळते. पण चंडोल आणि तितर तरी राहतील.

तुमच्या गावच्या गायरानाचे काय झाले? पुढच्या ग्रामसभेत एकदा विचारा तरी.