विश्लेषण : संतांचा अभंग आणि आजची कविता एकाच तासाला का शिकवावी?

तेरमध्ये गोरोबाकाकांनी जमलेल्या संतांची डोकी थापटून पाहिली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही आख्यायिका धाराशिव जिल्ह्यात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्याच नामदेवांचा अभंग दहावीच्या ‘कुमारभारती’त आहे आणि त्याच पुस्तकात आजच्या कवींच्याही कविता आहेत. मात्र जुनी आणि नवी कविता शेजारी ठेवून वाचण्याची वेळ विद्यार्थ्यावर क्वचितच येते. ती का यायला हवी?

सध्या कविता कशी शिकवली जाते?

२०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या पुस्तकात नामदेव, एकनाथ, मोरोपंत आहेत, तसेच ज. वि. पवार, आसावरी काकडे, द. भा. धामणस्करही आहेत. निवड चांगली आहे. अडचण परीक्षेच्या साच्याची आहे. कवी कोण, विषय कोणता, ओळींचा अर्थ काय, संदेश काय, या मुद्द्यांवर एकेका कवितेचे उत्तर लिहायचे असते. त्यामुळे प्रत्येक कवितेचा ‘संदेश’ गाइडमधून पाठ होतो. कविता न वाचताही हे गुण मिळतात, हे विद्यार्थ्यांना लवकर कळते.

तुलनेने वेगळे काय साधते?

‘मन’ हा विषय घ्या. समर्थ रामदासांनी मनाला उद्देशून २०५ श्लोक लिहिले. तिथे मनाला सज्जन म्हणून हाक मारली आहे आणि पुढे उपदेश आहे. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) मनाला उपदेश करत नाहीत. उभ्या पिकात पुन्हा पुन्हा शिरणाऱ्या ढोरासारखे मन त्यांना दिसते. एकीकडे भुजंगप्रयात वृत्ताची ठाम चाल, दुसरीकडे खानदेशी बोलीतली ओवी. एक मनाला वळण लावू पाहतो, दुसरी त्याचे वागणे न्याहाळते.

हा फरक एकच कविता वाचून दिसत नाही. दोन्ही शेजारी आल्या की विद्यार्थ्याला स्वतः शोधावे लागते : बोलतो कोण, कोणाशी बोलतो, दाखले कुठून आणतो आणि मागतो काय. या चार प्रश्नांची तयार उत्तरे पाठ करून चालत नाही, दोन्ही कविता उघडाव्याच लागतात.

‘जुने म्हणजे भक्ती, नवे म्हणजे विद्रोह’ असेच ना?

तुलनेतला सर्वात मोठा धोका हाच आहे. चोखामेळ्यांनी उसाचा दाखला देऊन वरच्या रूपावर भुलणाऱ्यांना जाब विचारला. सोयराबाईंनी विटाळाच्या कल्पनेलाच हात घातला : विटाळ देहाचा असेल, तर त्यातून सुटलेला देह कोणाचा? हा १४ व्या शतकातला युक्तिवाद आहे. त्याशेजारी ज. वि. पवारांची दहावीतली, बाबासाहेबांना उद्देशून लिहिलेली कविता ठेवली, तर प्रश्न तोच दिसतो, पण ऐकणारा बदललेला दिसतो. चोखोबा-सोयराबाईंची दाद अखेर विठ्ठलाकडे जाते. पवारांची कविता १९२७ च्या महाड सत्याग्रहाच्या नायकाशी बोलते. दोन्हींच्या मध्ये घडलेला इतिहास या फरकात सापडतो.

श्रमाच्या कवितेतही तसेच. सावता माळ्यांना विठोबा मळ्यातल्या भाजीपाल्यात दिसला. गिरणीत राबलेल्या नारायण सुर्वे यांनी १९६२ मध्ये आपल्या पहिल्या संग्रहाला ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हे नाव दिले. शब्द संतांच्या परंपरेतला, पण त्या जागी उभा राहिला कामगार. परंपरा माहीत नसेल तर त्या नावातली धग कळणार नाही. मर्ढेकरांनीही यंत्रयुगाची कविता लिहिताना अभंग-ओवीचाच आधार घेतला.

धाराशिवच्या शाळांना हे सोपे का?

कारण अर्धे साहित्य दाराशी आहे. गोरोबाकाकांचे तेर याच तालुक्यात, सावता माळ्यांचे अरण आणि चोखोबांचे मंगळवेढे शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात. तुळजापूरला जोगवा आजही मागितला जातो. एकनाथांनी लिहिलेला जोगवा आणि आराधी बायकांच्या तोंडची गाणी शेजारी ठेवता येतात. जानेवारी २०२० मध्ये ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथेच झाले. त्या सोहळ्याचा मांडव उतरला, तरी वर्गातली कविता गाइडमध्येच राहिली तर उपयोग काय?

इतरत्र असे होते का?

इंग्लंडमध्ये साधारण १६ व्या वर्षी होणाऱ्या जीसीएसई परीक्षेत एक्यूए मंडळाचा काव्यविभाग तुलनेवरच बेतलेला आहे. १५ कवितांच्या संचातली एक कविता प्रश्नपत्रिकेत छापून येते, दुसरी विद्यार्थ्याने निवडून तुलना करायची. त्या संचात शेलीचे १९ व्या शतकातले सुनीत आणि युद्धावरून परतलेल्या सैनिकावरची सायमन आर्मिटेज यांची आजची कविता एकत्र आहेत. अर्थात तिथेही तुलनेचे तयार तक्ते पाठ होतात. तेव्हा नुसता प्रश्न बदलून भागणार नाही, वर्गातली सवयही बदलावी लागेल.

वेळ कुठून आणायचा?

अभ्यासक्रम संपवण्याची घाई आणि शिक्षकांवरची इतर कामे, ही तक्रार खरी आहे. म्हणून सुरुवात लहान असावी : सत्रात दोन तास, प्रत्येक तासाला एक जोडी. जुनी कविता आधी मोठ्याने वाचायची, अवघड शब्द घरी आजीला विचारून आणायचे, मग चार प्रश्न. अंतर्गत मूल्यमापनात त्याला थोडे गुण दिले तरी पुरे. मंडळाने पुढे प्रश्नपत्रिकेत एक तुलनात्मक प्रश्न ठेवला, तर उत्तमच.

गोरोबाकाकांची परीक्षा थापटून पाहण्याची होती. मडके कच्चे की पक्के, हे त्यावर हात ठेवल्याशिवाय कळत नाही. कवितेचेही तसेच आहे, आणि मुलांना तो हात ठेवू देणे शाळेच्या हातात आहे.