खुली प्रणाली व नवा धनी

ज्या संगणकप्रणालीची घडण सर्वांस वाचण्यास, सुधारण्यास व वाटण्यास खुली असते, तिची सांभाळ करणारी कंपनीच विकली गेली तर तीसाठीं राबणाऱ्यांचें काय? ‘ओपनऑफिस’ ही लेखनप्रणाली सन कंपनीकडे होती. जानेवारी २०१० मध्यें ऑरॅकलनें सन विकत घेतली. नव्या धन्याचा भरंवसा न वाटून अनेक सहकाऱ्यांनीं त्याच वर्षीं सप्टेंबरांत, खुल्या परवान्याच्या बळावर, ‘लिब्रेऑफिस’ची वेगळी चूल मांडली. २०११ सालीं ऑरॅकलनें मूळ प्रणाली अपाची संस्थेस देऊन टाकली.

अशी खरेदी आम्ही अपराध मानीत नाहीं. परंतु राबणाऱ्यांचा विश्वास खरेदीखतांत येत नसतो. लिब्रेऑफिस आज मराठींतही विनामूल्य मिळतें. विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं तें वापरावेंच, पण त्यांतील मराठी शब्द तपासून चुकाही कळवाव्या. झटणारे हात असतील, तरच परवान्याचा उपयोग.