साहेबांची प्रार्थना, हाताखालच्यांची मर्जी

वणी तालुक्यातले राजूर हे कॉलरीचे गाव. खाणगावात नाना प्रांतांची, नाना धर्मांची माणसे एकाच पाळीत राबतात. सरकारी कार्यालयात साहेबाने प्रार्थना लावावी का, हा प्रश्न म्हणूनच अशा गावाने आधी विचारायला हवा.

समर्थक म्हणतात, सक्ती कोणावरच नाही. प्रार्थनेने एकोपा वाढतो. आणि साहेब झाला म्हणून त्याने श्रद्धा घरी ठेवून यायचे का?

सक्ती नाही, हे कागदावर खरे. पण ऑफिसातला सत्यनारायण आठवा. हेडक्लार्क वर्गणीची यादी घेऊन टेबलोटेबली फिरतो. आपल्या नावापुढचा रकाना कोरा ठेवायला कोण धजेल? साहेब सपत्नीक चौरंगापुढे बसलेले. तीर्थप्रसादाला कोण आले नाही, हे कोणी लिहून ठेवत नाही, पण बरोबर लक्षात राहते. दाखल्यासाठी आलेल्या शेतकऱ्याला शिपाई दारातूनच सांगतो, ‘साहेब पूजेत आहेत, दुपारनंतर या.’ ज्याच्या हाती गोपनीय अहवाल, रजा आणि बदली, त्याला नाही म्हणायची सोय नसते.

ही भीती उगीच नाही. नाशिकचे शिक्षक संजय साळवे यांनी शाळेच्या प्रार्थनेत हात जोडले नाहीत, म्हणून त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली गेली. शिक्षकावर अशी सक्ती करणे हा मूलभूत हक्काचा भंग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाला 2013 मध्ये सांगावे लागले. अमेरिकेतही मे 2025 मध्ये संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी पेंटागॉनमध्ये कामाच्या वेळेत ख्रिस्ती प्रार्थनासभा घेतली. तीही म्हणे ऐच्छिकच!

एकोप्यासाठी विदर्भात तुकडोजी महाराजांचा दाखला हमखास निघतो. गुरुकुंज मोझरीच्या सामुदायिक प्रार्थनेने सर्व जातीधर्मांची माणसे एका सतरंजीवर आणली, हे खरेच. पण तिथे बसणाऱ्याची पगारवाढ महाराजांच्या हातात नव्हती. जो तो आपल्या ओढीने येई.

उरली साहेबाची श्रद्धा. संविधानाचे 25 वे कलम त्यालाही आहेच. खुर्चीत बसताना त्याने मनोमन देवाचे नाव घेतले, तर कोण अडवतो? पण सरकारी मदतीवरच्या शाळेतही विद्यार्थ्याला संमतीशिवाय उपासनेला बसवता येत नाही, असे 28 वे कलम सांगते. पोराला जे संरक्षण, ते कारकुनाला का नको?

प्रार्थना जरूर व्हावी. सुटी झाल्यावर, देवळात, विहारात, मशिदीत, चर्चमध्ये व्हावी. बोलावणे बरोबरीच्या माणसाने करावे, वर्गणीची यादी फिरू नये, आणि साहेबाला यायचेच असेल तर त्याने मागच्या रांगेत बसावे. ऑफिसातला एकोपा मात्र वेळेवर मंजूर होणाऱ्या रजेतून आणि सर्वांना सारख्या न्यायातून येतो. त्याला आरती लागत नाही.

कामाच्या वेळेत, सरकारी छपराखाली, वरिष्ठाने प्रार्थना लावू नये. परिपत्रकावर ‘ऐच्छिक’ असे लिहूनही लावू नये.