मार्गदर्शिका सर्वांची, पण पालक कोण?



संगणकावर मराठी कसे लिहावे हे शिकवणारी एक जुनी पीडीएफ आखातातल्या मराठी घरांत अजून फिरते आहे. इथे देरामध्ये माझ्याकडे ती यंदाही ईमेलने आली. तिची पहिली सूचना: विंडोज एक्सपीची सीडी ड्राइव्हमध्ये घाला! एक्सपीला मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्येच निरोप दिला. पुढे गूगलचे इनपुट टूल उतरवून घ्यायला सांगितले आहे. विंडोजवर इंटरनेटशिवाय चालणारे ते साधन २०१८ मध्ये बंद झाले. उलट २०१९ पासून विंडोज १० मध्येच उच्चारानुसार मराठी लिहिण्याची सोय आहे, तिचा पीडीएफला पत्ता नाही.

दोष लिहिणाऱ्याचा नाही. त्याने पदरमोड करून, रात्री जागून हे काम केले असणार. पण पीडीएफमधली चूक सगळ्यांना दिसते आणि दुरुस्त एकालाच करता येते. आपण इंग्रजीत शोधून मार्ग काढतो. ज्याला ही मार्गदर्शिका खरोखर लागते, त्याला तेच अवघड असते. सूचना चालली नाही की तो यंत्राला दोष देत नाही. ‘आपल्याला जमत नाही’ म्हणतो आणि रोमन लिपीकडे वळतो. मराठीत कोण लिहिणार, हे अशा बारीक गोष्टींवर ठरते.

म्हणून माझी सूचना: हा मजकूर मराठी विकिबुक्सवर न्यावा. नवे संकेतस्थळ काढू नये. आखातात आपला मुक्काम नोकरी आणि व्हिसापुरता. स्वयंसेवक परत गेला की डोमेनचे पैसे भरायला कोणी उरत नाही.

‘मग कोणीही काहीही लिहील,’ हा आक्षेप ठरलेला. विकीवर प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो आणि चुकीचा बदल लगेच उलटवता येतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून याच रीतीने चालला आहे. खरी भीती वेगळीच: कोणीच काही लिहिणार नाही. सर्वांचे काम ते कोणाचेच नाही, असे होऊन पान पीडीएफइतकेच शिळे होईल.

विज्ञानाच्या क्षेत्रात हे घडून गेले आहे. सूक्ष्मदर्शकातली चित्रे मोजण्यासाठी आम्ही इमेजजे वापरतो. त्याची मार्गदर्शिका अनेक वर्षे खुल्या विकीवर होती. २०२१ मध्ये ती गिटहबवर नेली. तिथे बदल कोणीही सुचवू शकतो, पण तो कोणीतरी पाहून मगच स्वीकारला जातो. आपल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा. विसावा पूर्ण व्हायला २०१५ उजाडले. तोवर पहिल्या खंडांतले विज्ञान जुने झाले होते. त्यावर उपाय म्हणून विषयवार ज्ञानमंडळे नेमली गेली. दोन्हीकडे धडा एकच: दार उघडे हवे, आणि दाराशी कोणीतरी हवे.

तेव्हा स्थलांतराआधी चार गोष्टी कराव्यात. एक, मूळ लेखकाकडून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची लेखी परवानगी घ्यावी. दोन, आधी गाळावे, मग न्यावे: एक्सपीचे प्रकरण काढून मोबाइलचे पहिले घ्यावे, कारण आज बहुतेक लिखाण तिथेच होते. जुन्या फॉन्टमधल्या फायली युनिकोडमध्ये कशा आणाव्यात हे प्रकरण मात्र ठेवावे. कितीतरी मंडळांचे जुने अंक त्यांत अडकले आहेत. तीन, विंडोजच्या पडद्याची चित्रे विकिमीडिया कॉमन्सवर चालत नाहीत, म्हणून पायऱ्या शब्दांतच नीट लिहाव्यात. चार, प्रत्येक पानाला एक पालक असावा. त्याने वर्षातून दोनदा प्रत्येक पायरी स्वतः करून पाहावी आणि पानाच्या माथ्यावर तपासल्याची तारीख लिहावी.

शेवटची परीक्षा आपण घ्यायची नाही. ज्याने कधी मराठी टंकलेखन केलेले नाही, अशा एखाद्याला पान वाचून करायला सांगावे आणि आपण गप्प बसावे. तो जिथे अडेल तिथे आपले वाक्य बदलायचे.

यासाठी संगणकतज्ज्ञ असण्याची गरज नाही. पालकत्वासाठी एक पान मी घेतो आहे. बाकीची तुमची वाट पाहत आहेत.