कोंडीचा फास कोणाच्या गळ्यात?

दरवर्षी १७ सप्टेंबरला धाराशिव जिल्ह्यात मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन होते, आणि व्यासपीठावरून एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘तेरा महिने वाटाघाटींत वाया गेले, लष्कराने पाच दिवसांत काम फत्ते केले.’ टाळ्या पडतात. त्या टाळ्यांत आम्हांला सामील होता येत नाही.

निजामाच्या राजवटीची वकिली आम्हांला करावयाची नाही. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचा वकील. लातूर तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होते. गावे लुटली गेली, माणसे सरहद्द ओलांडून सोलापूर-बार्शीकडे पळाली. अशा सत्तेवर दबाव आणणे कर्तव्यच होते. प्रश्न एवढाच की, तो दबाव पडला कोणावर?

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी एक वर्षासाठी ‘जैसे थे’ करार झाला. संस्थानाने पाकिस्तानला २० कोटींचे कर्ज देऊ केले, भारतीय चलनावर निर्बंध घातले. उत्तरादाखल भारताने, उघड घोषणा न करता, माल अडविला. संस्थानाला समुद्रकिनारा नव्हता. पेट्रोल आटले, औषधे दुर्मीळ झाली. बंदुका मात्र येतच राहिल्या! सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक त्या कराचीहून विमानाने आणीत होता. आजाऱ्याच्या औषधाची वाट अडली आणि शस्त्रांची आकाशवाट मोकळी राहिली. दोष वाटाघाटींचा नव्हे, तर चुकीच्या जागी आवळलेल्या फासाचा होता.

ही चूक नवी नव्हती. ३ ऑक्टोबर १९३५ रोजी मुसोलिनीच्या इटलीने अ‍ॅबिसिनियावर आक्रमण केले. १८ नोव्हेंबरपासून राष्ट्रसंघाने इटलीवर आर्थिक निर्बंध लादले. परंतु ज्यावाचून रणगाडे हललेच नसते ते तेल वगळले, आणि सुएझ कालवा इटलीच्या जहाजांना खुला ठेवला. मुसोलिनी रोखला गेला नाही. उलट, ‘जग आपल्याला उपाशी मारू पाहते’ असे सांगून त्याने जनतेला आपल्यामागे उभे केले. स्त्रियांनी लग्नाच्या अंगठ्या दिल्या. काही बिशपांनी आपले सोन्याचे क्रूसही त्या निधीत टाकले, हे आम्ही कॅथलिकांनी मान खाली घालून कबूल केले पाहिजे. मे १९३६ मध्ये आदिस अबाबा पडले; जुलैत निर्बंधही उठले.

‘म्हणूनच लष्कर हवे,’ असे कोणी म्हणेल. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून नळदुर्गमार्गे फौजा आल्या, १७ तारखेला निजाम शरण आला, हे खरे. पण आमच्या जिल्ह्याचा हिशेब पाच दिवसांत मिटला नाही. त्यानंतर सूडाची लाट उसळली आणि मुसलमान कुटुंबे तिला बळी पडली. ते सारे रझाकार नव्हते. पंडित सुंदरलाल समितीने संस्थानभर २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होते. तो अहवाल कित्येक दशके कपाटात राहिला. व्यासपीठावर त्याचा उच्चार आम्ही आजवर ऐकलेला नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. आर्थिक कोंडी हेही शस्त्रच आहे; त्यात रक्त सांडत नाही म्हणून ते निष्पाप ठरत नाही. ती करावयाची तर आधी शस्त्रे, तेल आणि सत्ताधाऱ्यांचा पैसा अडवावा. औषध आणि धान्य कदापि अडवू नये. आणि चर्चेचे दार शेवटपर्यंत उघडे ठेवावे, कारण ते बंद झाल्यावर जे घडते त्याची किंमत गल्लीतला शेजारी मोजतो.

वाचकहो, ज्यांनी ते वर्ष पाहिले अशी माणसे आता मोजकीच उरली आहेत. पुढच्या १७ सप्टेंबरला ध्वजवंदन करून घरी परतताना अशा एखाद्या वृद्धापाशी बसा. तेव्हा घरात काय संपले होते आणि शेजारचे कोणते घर रिकामे झाले, एवढे विचारा. त्यानंतर टाळ्या वाजवायच्या की नाही, हे आपले आपण ठरवावे.