मिस्त्रीच्याही घामाचे दाम



मागच्या बैठकीत जेवणानंतर एक वाद निघाला आणि तो कापसाच्या भावापेक्षाही जास्त वेळ चालला. वाद साधाच होता. एकाने गाडी वर्कशॉपला नेली, तिथल्या पोराने स्टिअरिंगखालच्या सॉकेटात वायर खोचली, पाच मिनिटे पडद्याकडे पाहिले आणि नुसत्या तपासणीचे आठशे रुपये मागितले. हात काळे केले नाहीत, पाना लावला नाही, मग पैसे कशाचे, असा सवाल होता. बहुतेकांनी माना डोलावल्या. आम्हाला ते पटले नाही, म्हणून हे लिहितो आहोत.

आपली चळवळ उभी राहिली ती 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणत. तेव्हा आपण काय मांडत होतो? उत्पादन खर्चात नुसते बियाणे आणि खत धरू नका. शेतकऱ्याची देखरेख धरा, घरच्या बायकांची मेहनत धरा, डोके चालवल्याचीही मजुरी धरा. आणि आपणच मिस्त्रीपुढे उभे राहिलो की पाना फिरवण्याची मजुरी देतो, दोष ओळखण्याची मात्र फुकट मागतो. 'जरा बघ ना रे, काय झालं ते', एवढ्यावर भागवतो. वीस वर्षे इंजिनाला कान लावून त्याने जे मिळवले, त्याचा भाव आपल्या लेखी शून्य.

फुकट काही मिळत नाही, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक आहे? पऱ्हाटी लाल पडली की आपण दोन पाने तोडून कृषी सेवा केंद्रात जातो. दुकानदार फी घेत नाही. पान उलटेसुलटे करतो आणि बाटली काढून देतो. लाल्या हा बहुतेक वेळा रोग नसतोच. कधी नत्र कमी पडते, कधी मॅग्नेशियम, कधी तुडतुड्यांनी रस शोषलेला असतो, कधी बोंडे भरण्याच्या वेळी रात्रीची थंडी पडते. पण ज्याला बाटली विकायची आहे त्याला बाटलीचाच रोग दिसणार. त्याच्या सल्ल्याची फी त्या बाटलीत भरलेली असते, आणि ती आपण निमूटपणे देतो. वर तो माणूस भला वाटतो ते वेगळेच.

गाडीचेही तेच होते. आमच्या गावातल्या एका पिकअपची गोष्ट सांगतो. गाडी २०२० नंतरची, म्हणजे बीएस-सहा. ऐन हंगामात कापूस भरून जिनिंगला जाताना चढावर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि गाडी ओढेना. रिकामी असली की बरी चाले, माल भरला की दम टाके. तालुक्याच्या एका वर्कशॉपने तपासणीचे पैसे घेतले नाहीत. सेन्सर गेला म्हणाले, बदलला. कोड पुसला म्हणून दिवा विझला, गाडी दोन दिवस चालली, पुन्हा तेच. मग म्हणाले टर्बो बदलावा लागेल. टर्बोची किंमत ऐकून मालक खालीच बसला. त्या हंगामाचे भाडे त्यातच गेले असते.

शेवटी एका सुट्या मिस्त्रीकडे गाडी नेली. त्याने आधीच सांगितले, पाहण्याचे पाचशे घेईन, काम माझ्याकडे करा नाही तर कुणाकडेही. स्कॅनर लावला तर कोड पी ०२९९. त्याचा अर्थ एवढाच की टर्बोचा दाब हवा तितका मिळत नाही. का मिळत नाही, हे कोड सांगत नाही. टर्बो गेलेला असू शकतो, सेन्सर खोटे बोलत असू शकतो, हवेचा फिल्टर चोंदलेला असू शकतो. या मिस्त्रीने काही बदलले नाही. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी पाइपवरून बोट फिरवले. क्लिपेखाली पाइप चिरलेला होता. भार पडला, दाब वाढला की चीर उघडायची आणि हवा बाहेर. पाइप बदलला, गाडी अजून चालते आहे. पहिल्या वर्कशॉपने मुद्दाम फसवले असे आम्ही म्हणत नाही. ज्याला पाहण्याचे पैसे मिळत नाहीत, तो पाहत बसत नाही, बदलत सुटतो. त्याचे पोट सुट्या भागांवर आहे.

म्हणून आमचे म्हणणे: तपासणीचे दाम द्यावे, आणि दाम देऊन हिशेब मागावा. रक्कम आधी ठरवावी. कोड आणि दोष कागदावर लिहून घ्यावा. जुना भाग परत मागावा. 'काम इथेच केले तर तपासणी फी माफ' असे कुणी म्हटले तर खूश होऊ नये. ती माफी नव्हे, दावे आहे. एकाधिकार खरेदीच्या दिवसांत आपला कापूस ज्याच्या दारात न्यावा लागे, त्याचाच ग्रेडर प्रत लावी. प्रत लावणारा आणि पैसे मोजणारा एकच असला की काय होते, ते आपण भोगले आहे.

काही तरुण म्हणतील, हजाराच्या आतले यंत्र मागवून मोबाइलवर कोड वाचता येतो, मिस्त्री कशाला? जरूर वाचा. कोड ठाऊक असलेल्या गिऱ्हाइकाला कुणी सहजासहजी गुंडाळत नाही. पण तिथे थांबा. जुन्या ट्रॅक्टरवर आपण इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल करायचो आणि कुठला सिलेंडर मारत नाही ते ओळखायचो. कॉमन रेलच्या इंजिनावर हे चुकूनही करू नका. तिथे डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो. बारीक चिळकांडी कातडी फोडून आत शिरते आणि हात गमावण्याची पाळी येते. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे नियम लागू झाले, आणि त्यांच्याबरोबर हे इंजिन वावरात आले आहे.

आता दुसरी बाजू. मिस्त्रीला दाम द्यायला आम्ही तयार आहोत, पण त्याच्या हाती किल्ली कुठे आहे? बऱ्याच गाड्यांत नवा इंजेक्टर बसवला की त्याचा नंबर संगणकात भरावा लागतो. पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्या मारून सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर चोंदला की तो जाळण्याचा हुकूम स्कॅनरवरूनच द्यावा लागतो. हे सारे करणारा स्कॅनर कंपनी आपल्या शोरूमलाच देते. मग शोरूम मागेल तो भाव. ही मजुरी नव्हे, हा टोलनाका आहे.

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २५४४ कोटींचा दंड ठोठावला तो याचसाठी: सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या मिस्त्रींना देत नाहीत म्हणून. कंपन्या अपिलात गेल्या. तो निकाल मोटारींपुरता होता, ट्रॅक्टर त्यात नव्हता. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या यादीत शेतीची अवजारे आली; त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल निघाले. पोर्टलने कुलूप उघडत नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ साली कायदाच केला आणि १ जानेवारी २०२४ पासून शेती यंत्रांच्या कंपन्यांना भाग, माहितीपुस्तिका आणि तपासणीचे सॉफ्टवेअर शेतकऱ्याला व बाहेरच्या मिस्त्रीला देणे भाग पाडले. आपण २०१९ साली अकोली जहांगीरला एचटीबीटी कपाशी पेरून तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागितले. ते बियाण्यापाशी का थांबावे? पैसे मोजून घेतलेले यंत्र उघडायला विक्रेत्याची परवानगी लागत असेल, तर ते विकत घेतले की खंडाने, हा प्रश्न आहे.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर तालुक्यातल्या दहा-पंधरा गावांनी वर्गणी काढून अनेक कंपन्यांच्या गाड्यांना चालणारा एक स्कॅनर घ्यावा, एखाद्या होतकरू मिस्त्रीला शिकून यायला पाठवावे, आणि तपासणीचा दर फळ्यावर लिहावा असे आम्ही सुचवतो. त्याने सुटे भाग विकू नयेत, ही एकच अट. स्कॅनर कुणाच्या ताब्यात राहणार, आणि ज्या गावाने वर्गणी दिली नाही त्याच्या गाडीला किती दर, यावर येत्या बैठकीत भांडण होणार हे दिसतेच आहे. ते जेवणाआधी उरकून घ्यावे.